गरोदर स्त्री, गरोदर व्यक्ती आणि केसपेपरचा रकाना

निशिगंध (धागाकर्ती)

स्वतःला स्त्री न मानणारे काही जणही गरोदर राहतात, म्हणून वैद्यकीय लिखाणात ‘गरोदर स्त्री’ म्हणावे की ‘गरोदर व्यक्ती’, असा वाद आहे. त्यावर मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा ‘आता आईला आई म्हणायचीही चोरी झाली’ या वाक्याने सुरू होते आणि तिथेच संपते. उलट बाजूने कोणी बोललेच, तर समोरच्याची ‘बुरसटलेले’ या एका शब्दावर बोळवण केली जाते. मी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात आयुष्य घालवले, त्यातला बराच काळ ग्रामीण रुग्णालयांत. मला हा प्रश्न प्रथम रुग्णाच्या सुरक्षिततेचा वाटतो, आणि त्याच अंगाने इथे चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

सर्वांत गाजलेले प्रकरण इंग्लंडमधील ब्रायटनचे. तेथील सरकारी रुग्णालये चालवणाऱ्या न्यासाने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसूतिविभागासाठी भाषेची एक मार्गदर्शिका काढली. पत्रकांत आणि फलकांवर ‘विमेन’ या शब्दाला जोडून ‘बर्थिंग पीपल’ (जन्म देणाऱ्या व्यक्ती), ‘ब्रेस्टफीडिंग’ला जोडून ‘चेस्टफीडिंग’ (छातीशी धरून पाजणे) असे शब्द वापरावेत, असे त्यात सुचवले होते. वृत्तपत्रांनी मात्र सुइणींना ‘स्तनपान’ म्हणण्यास बंदी झाल्याच्या थाटात मथळे दिले. मूळ धोरण बेरजेचे होते, वजाबाकीचे नव्हते. स्वतःला स्त्री आणि आई म्हणवणाऱ्या रुग्णाशी नेहमीच्याच शब्दांत बोलायचे, हे त्यात स्पष्ट होते. वादाची निम्मी हवा हे धोरण प्रत्यक्ष वाचले तरी निघून जाते.

उरलेली निम्मी जात नाही, कारण वजाबाकीही खरोखर झाली आहे. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या अंकाच्या मुखपृष्ठावर ‘द लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने आतल्या लेखातील एक वाक्य ठळक छापले. ‘योनी असलेल्या शरीरांची’ रचना आणि कार्य यांकडे इतिहासात दुर्लक्ष झाले आहे, असा त्याचा आशय होता. लेख लंडनमधील एका संग्रहालयातील मासिक पाळीविषयीच्या प्रदर्शनावर होता आणि त्यातील तक्रार शंभर टक्के रास्त होती. पण ज्या स्त्रियांकडे दुर्लक्ष झाले त्यांचा उल्लेखच ‘शरीरे’ असा व्हावा, हे अनेक स्त्री-डॉक्टरांना झोंबले. संपादक रिचर्ड हॉर्टन यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. मलाही ते वाक्य झोंबले होते आणि आजही झोंबते. त्याला कारण आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्ये मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवण्याची सूचना केली होती, ती १९९३ मध्ये मागे घेतली गेली. झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या झोल्पिडेमची स्त्रियांसाठीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला तर २०१३ उजाडले. स्त्रियांच्या शरीरातून ते औषध अधिक सावकाश बाहेर पडते, आणि सकाळी गाडी चालवताना त्याचा अंमल शिल्लक राहू शकतो. स्त्री हा वेगळा रकाना वैद्यकाने इतक्या उशिरा मांडला असताना तो पुसट होऊ लागला, तर धास्ती वाटणारच.

आता दुसरी बाजू, जी मला अधिक अस्वस्थ करते. मे २०१९ मध्ये डॉ. डाफ्ना स्ट्रौम्सा आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका रुग्णाची हकीकत मांडली. ३२ वर्षांचा एक ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी अशी नोंद झालेला पण स्वतःला पुरुष मानणारा, पोटात तीव्र कळा येतात म्हणून अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आला. संगणकात त्याची नोंद ‘पुरुष’ अशी होती. रक्तदाब वाढलेला होता. आपण ट्रान्सजेंडर आहोत आणि घरी केलेली गर्भचाचणी पॉझिटिव्ह आली आहे, हे त्याने आपणहून सांगितले होते. तरीही पाहणी करणाऱ्या परिचारिकेला समोर दिसला तो रक्तदाबाच्या गोळ्या बंद केलेला, स्थूल, पोटदुखीचा एक पुरुष. तिने ‘तातडीचे नाही’ असा निर्णय घेतला. काही तास असेच गेले. मग डॉक्टरांनी तपासले तेव्हा गर्भ पुष्कळ वाढलेला असल्याचे आणि नाळ बाहेर सरकल्याचे लक्षात आले. सिझेरियनसाठी धावाधाव झाली, पण बाळ मृत जन्मले.

मी ही हकीकत अनेकदा वाचली आहे. नाळ सरकली असता मिनिटांचा हिशेब असतो, हे प्रसूतिगृहात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. कळा, वाढलेला रक्तदाब आणि पॉझिटिव्ह गर्भचाचणी एवढ्या गोष्टी एखाद्या बाईने सांगितल्या असत्या, तर शिकाऊ डॉक्टरनेही तिला थेट लेबर रूममध्ये नेले असते. दोन्ही पक्ष ही हकीकत आपापल्या बाजूने सांगतात आणि दोघांचेही अर्धे बरोबर आहे. शरीराची नोंद खरी असती तर बाळ वाचण्याची शक्यता होती, हे खरे. पण रुग्णाने सारे सांगूनही पुरुष गरोदर असू शकतो ही शक्यता तिथल्या कोणाच्या मनाला शिवली नाही, हेही तितकेच खरे. आणि ही शक्यता मनात रुजवण्यासाठीच तर सर्वसमावेशक भाषेचा आग्रह धरला जातो.

माझे मत असे, की एका रुग्णाशी बोलण्याची भाषा, हजारो लोकांना आवाहन करण्याची भाषा आणि नोंदवहीची भाषा या तिन्हींचे काम वेगळे आहे, आणि तिन्हीकडे एकच शब्द लावण्याचा हट्ट दोन्ही पक्षांनी सोडावा. सर्वांची मते वाचायला आवडतील.

तळेगावकर

लेख संयत आहे. तरीही एक प्रश्न उरतो. मूल जन्माला घालणारे ट्रान्स पुरुष जगात असतील किती? मूठभरांसाठी कोट्यवधी स्त्रियांची ओळख सांगणारे शब्द बदलायचे, हा हिशेब मला पटत नाही. आमच्याकडे ओटीभरणाच्या कार्यक्रमात आता काय म्हणायचे?

निशिगंध

तळेगावकर, ओटीभरणाला हवे ते म्हणा, तिथे कोणी औषधाची मात्रा ठरवत नाही. राहिला संख्येचा प्रश्न. वैद्यकात तो इतका सरळ नसतो. लाखातून एखाद्याच्याच रक्तात आढळणारा दुर्मीळ दोषही आम्हाला शिकवला जातो, कारण तो एक रुग्ण ज्या दिवशी दारात येतो त्या दिवशी त्याच्यासाठी प्रमाण शंभर टक्के असते. तुमचा मुद्दा जाहीर पत्रकांना लागू पडतो. आपत्कालीन विभागाला लागू पडत नाही.

टेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये एका रुग्णालयाच्या प्रसूतिविभागात नोंदणीचे काम करते, म्हणून जाहीर आवाहनांविषयी थोडे सविस्तर लिहिते.

आमच्याकडे येणाऱ्या अनेक बायकांची इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा आहे. त्यांत मराठी आहेत, गुजराती, बंगाली, सोमाली आहेत. गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीचे पत्रक ‘ज्यांना गर्भाशयमुख आहे अशा सर्व व्यक्तींनी’ असे सुरू झाले, तर आपल्याला गर्भाशयमुख नावाचा अवयव आहे हे आधी ठाऊक असावे लागते. ‘२५ ते ६४ वयाच्या सर्व स्त्रियांनी’ हे मात्र कोणालाही कळते. २०२२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या संकेतस्थळावर बीजांडकोश आणि गर्भाशयाच्या कर्करोगाच्या पानांच्या प्रास्ताविकातून ‘स्त्रिया’ हा शब्द गळल्याचे उघड झाले, तेव्हा तत्कालीन आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी त्यावर जाहीर नापसंती व्यक्त केली. तो आक्षेप राजकीय होता असे म्हणून सोडून देता येत नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील कार्लीन ग्रिबल आणि त्यांच्या सहलेखकांनी गर्भारपण व स्तनपानाविषयीच्या लिखाणात लिंगवाचक शब्द का टिकवावेत यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यातही समजण्यातील अडचण हा मोठा मुद्दा आहे. ‘व्यक्ती’, ‘पालक’, ‘कुटुंब’ असे सैल शब्द आले की नेमके कोणाविषयी बोलले जात आहे तेच निसटते, असे त्यांचे म्हणणे आहे. बाळंतपणातील मृत्यूंच्या संदर्भात ‘कुटुंबे’ हा शब्द वाचला की मलाही कसेसेच होते. मरते ती बाई.

पण नोंदीची दुसरी गंमत सांगते. इथे फॅमिली डॉक्टरकडे जी व्यक्ती ‘पुरुष’ म्हणून नोंदलेली असते, तिला गर्भाशयमुखाच्या तपासणीचे बोलावणे आपोआप जातच नाही. एखाद्या ट्रान्स पुरुषाने नोंद बदलून घेतली की संगणकाच्या लेखी त्याचे गर्भाशय नाहीसे होते. याच्या उलट, ‘स्त्री’ म्हणून नोंद असलेल्या ट्रान्स स्त्रीला, जिला गर्भाशयमुखच नाही, बोलावणे जाते. म्हणजे पत्रकावरचा शब्द कोणता यावर वर्षानुवर्षे भांडण चालते, आणि पत्रक कोणाच्या घरी पोहोचते याकडे कोणी बघत नाही.

अनुस्वार

इथे ज्यांच्याविषयी बोलणे चालले आहे, त्यांच्यापैकी मी एक आहे. पुण्यात राहतो. जन्माच्या वेळी मुलगी अशी नोंद होती, आता दाढी आहे आणि कागदपत्रे बदललेली आहेत.

बीजांडकोशात गाठ असल्याचा संशय होता म्हणून मला पोटाची सोनोग्राफी सांगितली होती. भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखाली बसलो होतो. आजूबाजूला सात-आठ महिन्यांच्या गरोदर बायका आणि त्यांच्या सासवा. नाव पुकारले म्हणून मी उठलो, तर आतल्या ताई म्हणाल्या, “पेशंटला पाठवा, मिस्टरांनी बाहेर थांबायचं.” मी हळू आवाजात म्हणालो की पेशंट मीच आहे. त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा कागद पाहिला आणि मोठ्याने विचारले, “मग यूटेरस-ओव्हरी का लिहिलंय?” सगळा हॉल माझ्याकडे वळला. त्यानंतर मी ती तपासणी बराच काळ टाळली.

त्या ताईंवर माझा राग नाही. त्यांना असा पेशंट भेटू शकतो हे कोणी कधी सांगितलेच नव्हते. म्हणून माझी मागणी काय आहे ते नीट लिहितो, कारण ती बहुधा आमच्या वतीने दुसरेच लोक मांडतात. बाकीच्या बायकांना कोणी ‘व्यक्ती’ म्हणावे, अशी माझी मागणी नाही. माझी मागणी एवढीच आहे की माझ्या कागदावर अवयव लिहिलेला असेल तर तो वाचून काम करावे आणि प्रश्न आत बोलावून विचारावा. ‘स्त्रिया आणि इतर गरोदर व्यक्ती’ असे एखाद्या फलकावर दिसले तर मला बरे वाटते, हे मात्र मी नाकारणार नाही. आपण इथे चुकून आलेलो नाही, असे त्यातून कळते.

ओसरी

अनुस्वार, तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले.

मी आरोग्य खात्यात तालुका पातळीवर काम केले आहे. आमच्याकडे शब्द ठरलेले असतात: ‘गरोदर माता’, ‘स्तनदा माता’, ‘पात्र जोडपे’ (मूल होण्याच्या वयातील विवाहित जोडपे). आशाताईंच्या वहीपासून जिल्ह्याच्या अहवालापर्यंत हेच. योजनांची नावेही ‘जननी सुरक्षा’, ‘मातृ वंदना’. या शब्दांत जिव्हाळा आहे, घरोघरी फिरणाऱ्या आशाताईला त्यांचा उपयोगही होतो. ‘माता’ म्हटले की सासूसुद्धा दोन गोष्टी ऐकून घेते.

पण हाच शब्द कुठे टोचतो ते ट्रान्स रुग्णांच्या कितीतरी आधी मी पाहिले आहे. गर्भपातासाठी आलेल्या बाईला आमच्या सिस्टर ‘माता, इकडे बसा’ म्हणायच्या. ज्या बाईचे मूल सातव्या महिन्यात पोटातच गेले, तिलाही ‘माता’. नसबंदी करून घ्यायला आलेल्या अविवाहित मुलीचे काय करायचे, हे ‘पात्र जोडप्या’च्या रजिस्टरला कळतच नाही. म्हणजे गरोदरपण आणि आईपण यांत अंतर आहे, हे मान्य करायला आपल्याला पाश्चात्त्य वादाची गरज नव्हती.

टेम्सकाठ यांच्या आवाहनाच्या मुद्द्याला मात्र माझे पूर्ण समर्थन. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला, ३० ते ५९ वयोगटातील १,३०,००० हून अधिक स्त्रियांचा. एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) तपासणीनेही मृत्यू घटले, असा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर वाखाणला गेला. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाचा आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचा त्यात सहभाग होता. खेड्यात शेतावर जाणारी, कुठलाही त्रास नसलेली बाई अशा तपासणीला येते, कारण कोणीतरी तिच्या दारात उभे राहून ‘तीस वर्षांवरच्या सगळ्या बायकांनी यायचंय’ म्हणते. त्या वाक्यात एक शब्द जरी जड झाला तरी ती म्हणेल, हे आपल्यासाठी नाही.

तळेगावकर

ओसरी, ‘माता’ या शब्दाविषयी असा विचार केला नव्हता. अनुस्वार यांचा अनुभव वाचून ओटीभरणाचे वाक्य फारच हलके होते असे वाटते. संख्येचा मुद्दा मात्र पत्रकांपुरता मी कायम ठेवतो.

नोटरीकट्टा

वकिलीच्या अंगाने थोडी भर घालतो, कारण भारतात हा वाद आलेलाच नाही असा समज इथे दिसतो. आला आहे, फक्त तो रुग्णालयांऐवजी न्यायालयांतून आला.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा गर्भनिरोधक साधन अयशस्वी ठरल्याच्या तरतुदीतील ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द जाऊन ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. या बदलाविरुद्ध कोणी मोर्चा काढला नाही, पण अविवाहित मुलींच्या दृष्टीने त्याचे मोल फार मोठे होते. पुढे २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयातील न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले, की या निकालपत्रात ‘स्त्री’ या शब्दात गर्भपाताची गरज पडू शकणाऱ्या अन्य लिंगओळखीच्या व्यक्तीही येतात. शब्द तोच ठेवला, व्याप्ती वाढवली. २०२४ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात मात्र सर्वोच्च न्यायालयाने थेट ‘गरोदर व्यक्ती’ हा शब्द वापरला आणि तळटीपेत त्याचे कारण दिले. आता त्या प्रकरणातील गरोदर कोण होती, तर अत्याचाराला बळी पडलेली १४ वर्षांची मुलगी. तिला ‘स्त्री’ तरी कसे म्हणणार आणि ‘माता’ तर नाहीच नाही. ‘व्यक्ती’ हा कोरडा शब्द मला तिथे सर्वांत माणुसकीचा वाटला.

जन्मदाखल्याचा प्रश्न याहून निराळा. केरळमध्ये कोळिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये झहाद या ट्रान्स पुरुषाने मुलाला जन्म दिला. दाखल्यावर झहाद यांचे नाव ‘आई’ म्हणून आणि त्यांची जोडीदार झिया या ट्रान्स स्त्रीचे ‘वडील’ म्हणून आले. दोघे उच्च न्यायालयात गेले आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने दोघांची नावे नुसती ‘पालक’ म्हणून नोंदवण्याचा आदेश दिला. इंग्लंडमध्ये नेमके उलट घडले. तिथे फ्रेडी मकॉनेल या ट्रान्स पुरुषाने तशीच मागणी केली असता, मूल ज्याने पोटात वाढवले ती कायद्याने ‘आई’च, तिचे लिंग कोणतेही असो, असा निर्णय उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि अपील न्यायालयाने २०२० मध्ये तो कायम केला. या बाबतीत केरळ लंडनच्या पुढे गेले, हे या वादाला ‘पाश्चात्त्य फॅड’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

टेम्सकाठ

नोटरीकट्टा, माझ्या मते मकॉनेल प्रकरणातील निर्णयाला वैद्यकीय अर्थ आहे. बाळ कोणाच्या गर्भाशयात वाढले ही माहिती त्या बाळाच्या आरोग्याच्या इतिहासाचा भाग आहे, ती कुठेतरी ठामपणे लिहिलेली हवी.

नोटरीकट्टा

हवीच, पण ती रुग्णालयाच्या कागदांत. जन्मदाखला शाळेत दाखवायचा, पासपोर्टला जोडायचा. तिथे प्रत्येक कारकुनासमोर घरची कहाणी उलगडायची सक्ती त्या मुलावर कशासाठी?

निशिगंध

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा पुढे गेली. नोंदीच्या प्रश्नावर अमेरिकेत एक पद्धत बऱ्याच ठिकाणी सुचवली जाते. नाव नोंदवताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग कोणते, आणि तुम्ही आज स्वतःला काय मानता. काही संगणकप्रणालींत याच्या जोडीला अवयवांची यादी असते. गर्भाशय आहे की काढले, बीजांडकोश आहेत की नाहीत. ही यादी मला फार मोलाची वाटते, आणि तीही ट्रान्स रुग्णांच्या पलीकडे. आपल्याकडे चाळिशीच्या आत गर्भाशय काढलेल्या बायका गावोगाव आहेत. ऊसतोड कामगार बायकांच्या संदर्भात बीड जिल्ह्याचे नाव २०१९ मध्ये देशभर झाले. त्यांच्या केसपेपरवर नुसते ‘स्त्री’ लिहून डॉक्टरला काय कळणार? अशा बाईची पोटदुखी आणि गर्भाशय असलेल्या बाईची पोटदुखी यांचा विचार सुरुवातीपासून वेगळा करावा लागतो.

अडचण आहे ती गर्दीची. सरकारी ओपीडीत केसपेपर काढणारा कारकून खिडकीतून नाव, वय, गाव एका दमात विचारतो, आणि रुग्णाच्या मागे सासू, दीर, शेजारीण उभे असतात. तिथे दुसरा प्रश्न विचारायचा कसा, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

अनुस्वार

डॉक्टर, खिडकीवर विचारूच नये. खिडकीवर एकच रकाना राहू द्या. अवयवांचे प्रश्न आत, रक्तदाब मोजणाऱ्या सिस्टरनी विचारावेत, जशी शेवटच्या पाळीची तारीख विचारतात. आणि सर्वांना विचारावेत, कोणाचा चेहरा पाहून नव्हे. दाढीवाल्यांनाही.

ओसरी

पाळीची तारीख आमच्या सिस्टर अविवाहित मुलींनाही घरच्यांना बाहेर काढूनच विचारतात, त्यामुळे ही पद्धत त्यांना नवी वाटणार नाही. तालुक्याच्या पुढच्या प्रशिक्षणात हा प्रश्न घालता येईल का, ते मी जुन्या सहकाऱ्यांना विचारते. छापील केसपेपरात बदल करायचा तर मंत्रालयापर्यंत जावे लागेल. पण मागच्या कोऱ्या बाजूला शिक्का मारायला कोणाची परवानगी लागत नाही.